खारबावच्या खाडीतला कॅप्टन

हे खरं तर मी कुणालाच सांगायचं नाही. मामाने बजावलंय. "मनू, झालं ते झालं. आता तोंड उघडायचं नाही," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. पण तुम्ही काही खारबावचे नाही, तेव्हा ऐका. फक्त हसायचं ते मधेच हसून घ्या. शेवटी हसू नका.

मी नववीत आहे. वर्गात बाईंनी नाव विचारलं तर ते पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही, इतका माझा आवाज! अशा मुलीने आपल्या सख्ख्या मामाचं लग्न मोडलं, ते नुसत्या आवाजाने. आहे का विश्वास?

आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आमच्याकडेच राहतात. तीस वर्षं लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर काढली, त्यात कान गेले. शिक्षण दुसरी. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा विजूमामा, ग्रीस देशात बोटीवर कामाला आहे. त्याचं पत्र आलं की आजोबांना वाचून दाखवायचं काम माझं. कारण आई सकाळीच दवाखान्यात ड्युटीवर जाते आणि बाबा काल्हेरच्या गोदामात.

पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम. दिवसभर खटाक खटाक, खटाक खटाक. त्यात कानाने अधू माणसाला पत्र कसं ऐकवणार? म्हणून आमच्याकडे पत्र लाइट गेल्यावरच वाचतात. लाइट गेली की सगळे लूम एकदम गप्प होतात. कामगार बनियनवर बाहेर येऊन ओट्यावर बसतात, बायका दारात येतात, आणि त्या शांततेत मी आजोबांच्या कानात ओरडून पत्र वाचते. म्हणजे पत्र आजोबांचं, पण ऐकते अख्खी गल्ली!

खरं सांगू? मला ते फार आवडायचं. शाळेत माझ्याकडे कुणी बघत नाही. इथे चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

आणि पत्रं तरी कशी! मामा ज्या बोटीवर आहे तिला कॅटामरान म्हणतात. "दोन होड्या शेजारी शेजारी ठेवाव्या आणि वर एकच पांढराशुभ्र ओटा बांधावा, तशी," असं त्याने लिहिलं होतं. सकाळी आठ श्रीमंत पाहुणे येतात आणि दिवसभर बेटाबेटांतून फिरतात. बोटीच्या पुढच्या बाजूला जाळं ताणलेलं असतं. त्यावर मडमा उताण्या पडून मुद्दाम ऊन खातात! पाणी इतकं नितळ की खाली टाकलेला नांगर वरून दिसतो. दुपारी एखाद्या बेटाच्या आडोशाला थांबायचं. पाहुणे पाण्यात उड्या मारतात, मग काकडी, टोमॅटो, खारट पांढरं चीज आणि भाजलेले मासे खातात. संध्याकाळी इंजिन बंद करून नुसत्या शिडावर परत यायचं. तेव्हा कुणीच बोलत नाही, असं मामाने लिहिलं होतं.

पण त्याच पत्रांत हेही असायचं: "मी पहाटे पाचला उठून डेक धुतो, दोन्ही संडास घासतो, मग मासे साफ करतो. पहिल्या दिवशी मला एवढ्या उलट्या झाल्या की कॅप्टनने माझ्या हातात बादलीच दिली."

पहिलं पत्र आईने आधी वाचलं होतं. ती म्हणाली, "ते संडासाचं बाबांना वाचू नको गं. जिवाला लावून घेतील."

मी वाचलं नाही. तिथे नुसतीच गाळलेली जागा कशी सोडायची? म्हणून वाचलं, "बोटीची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे." आजोबांनी मान हलवली. शेजारी बसलेल्या रहमतचाचांनीही मान हलवली.

पुढच्या पत्रात मामाने लिहिलं की, कॅप्टनने कॉफी पिण्यापुरतं पाच मिनिटं चाक धरायला दिलं. मी वाचलं, "हल्ली कॅप्टन चाक माझ्याच हाती देतो." पाच मिनिटं हे दोन शब्द तेवढे गाळले. दोनच शब्द!

तिसऱ्या पत्राच्या वेळी रहमतचाचांनी मधेच विचारलं, "बेटी, एक बात बता. वो बोट का कप्तान आखिर है कौन?"

लूम बंद. गल्ली गप्प. सगळे माझ्याकडे बघतायत. आजोबांनी कानामागे हात धरलेला.

"मामाच!" मी म्हणाले.

"अरे वा!" रहमतचाचा उठून उभेच राहिले. "अपनी गली का लडका, कप्तान!"

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सांगा, ते पाणी बघितल्यावर कोण म्हणेल, की नाही हो, तो भांडी घासतो?

त्या दिवसापासून मामा कॅप्टन झाला. आईच्या कानावर आलं तेव्हा ती हसली. "लोकांना काय, स्वच्छता करणाऱ्याला डॉक्टर म्हणतील," एवढंच म्हणाली. मी मान खाली घालून भाजी निवडत होते.

आता लग्नाकडे येते. मामा एकतीस वर्षांचा. तीन स्थळांनी आधीच नकार दिलेला. "सहा सहा महिने परदेशी, तोही पाण्यावर, नको बाई!" म्हणून. आजोबांना एकच घोर, डोळे मिटण्याआधी विजूचं लग्न बघायचं. आणि नेमका मामा सुट्टीवर यायच्या सुमारास समोरच्या शांतामावशींनी आपल्या भाचीचं स्थळ आणलं. सुजाता, खारबावला बालवाडीत शिकवते. आई ड्युटीवर असताना मावशी मला म्हणाल्या, "आमचे भावोजी तर कॅप्टन म्हटल्यावर एका पायावर तयार!"

मी घाबरले. पण बोलले का? नाही. मी गप्प बसण्यात पहिली आहे.

खारबावला पहिली भेट झाली. जयभीम, जयभीम झालं. पोहे आले. सुजाताचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, रेल्वेत गँगमन होते. ते म्हणाले, "बोटीवर सगळं तुम्हीच बघता म्हणे?"

"हो, बऱ्यापैकी मीच," मामा म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर मासे आणि बादल्या असणार!

सुजाताने एकच प्रश्न विचारला. "पाण्याची भीती नाही वाटत?"

"पहिल्या दिवशी उलट्या केल्या," मामा म्हणाला.

ती खुदकन हसली. मामाही हसला. परत येताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि कुठलं गाव आलं नि गेलं त्याला पत्ता नाही. मग हळूच मला म्हणाला, "मनू, तुला कशी वाटली गं?" मामाला लाजताना मी पहिल्यांदा बघितलं.

तेव्हा तरी सांगायचं होतं मी. एसटीत, तिथल्या तिथे.

दुसऱ्या भेटीला अण्णांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. गेलो तर ते आम्हाला थेट खाडीवर घेऊन गेले. आणि तिथे, देवाशप्पथ, कॅटामरान उभी! गोमाकाका म्हणून तिथले होडीवाले, त्यांच्या दोन होड्या शेजारी शेजारी आणून वर बांबू टाकले होते. बांबूंवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी. कडेने झेंडूच्या माळा.

"शांताने सगळं सांगितलंय मला!" अण्णा छाती काढून म्हणाले. "दोन होड्या, वर ओटा! जावयाला परकं वाटायला नको. चला कॅप्टन, आम्हाला फिरवून आणा!"

मामा मोकळेपणाने हसला. त्याला आणि आईलाही वाटलं, गल्लीत चालते तशीच होणाऱ्या जावयाची थट्टा चाललीय. कुणी राजे म्हणतं, कुणी साहेब, हे कॅप्टन म्हणतात!

आम्ही अकरा जण चढलो. आजोबांना मधोमध बसवलं. नव्या साड्या, वड्यांची टोपली, कोंबडीचं पातेलं. गोमाकाका एकटेच पाण्याकडे बघत उभे होते. ते म्हणाले, "सायेब, पानी उतराला लागलंय. आता जाया नको."

"अहो गोमा, ते कॅप्टन हायेत!" अण्णा म्हणाले. "तुम्ही त्यांना शिकवता होय?"

गोमाकाका बिचारे गप्प झाले. ज्याला कळत होतं त्याचं तोंड माझ्या खोटेपणाने बंद केलं, बघा. मामा म्हणाला, "जरा आत जाऊन लगेच फिरू." आणि काकांनी बांबू रेटला.

काय सुंदर चाललो होतो! वारा, बगळे, पलीकडे झाडी. सुजाता पुढच्या टोकाला बसली होती, मामा तिला बेटांवरच्या पांढऱ्या घरांबद्दल सांगत होता. मला वाटलं, जमलं. आता कशाला सांगायचं?

आणि खालून घस्स असा आवाज आला.

डावी होडी चिखलावर चढली. उजवी अजून पाण्यात. ओटा तिरका झाला! वड्यांची टोपली घसरली, तिच्यामागून शांतामावशी घसरल्या, आणि मावशींना धरायला गेलेले अण्णा मावशींच्याही पुढे गेले. आजोबा ओरडले, "बेट आलं का?"

बघता बघता पाणी निघून गेलं. चहूबाजूंना कमरेइतका चिखल. त्यात निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारत आमच्याकडे बघत होत्या.

"आता कधी निघणार?" आईने विचारलं.

"भरती आल्याव," गोमाकाका म्हणाले. "दिवस कलल्याव."

तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

"पण पाणी गेलं कुठे?" मामा खरोखरच चकित होऊन म्हणाला. "तिकडे असं होतच नाही हो! समुद्र सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी."

अण्णांनी धोतराला लागलेला रस्सा पुसता पुसता मान वर केली. "कॅप्टन असून भरती-ओहोटी ठाऊक नाही?"

"कोण कॅप्टन?" मामा हसत म्हणाला. "मी स्वयंपाक करतो. भांडी, डेक, संडास, सगळं माझ्याकडे. बोट चालवतो तो वेगळाच."

अण्णांचा पुसता हात तसाच राहिला. निवट्यासुद्धा थांबल्या असं मला वाटलं.

"मग पत्रात कॅप्टन म्हणून कुणी लिहिलं?" अण्णांनी विचारलं.

"मी या कानांनी ऐकलंय!" शांतामावशी म्हणाल्या. "ही मनू वाचत होती, साक्षीला अख्खी गल्ली होती."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मामानेही. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य होतं, मग हळूहळू सगळं कळत गेलेलं मी बघितलं. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं! पण आवाज? गल्लीत चाळीस माणसांना ऐकू जाणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

मामाने माझ्यावरची नजर काढली आणि म्हणाला, "मीच लिहिलं होतं अण्णा. जरा बढाई मारली."

अण्णांनी धोतर झटकलं. मग म्हणाले, "स्वयंपाकी आहे म्हणाला असतात तर मी एका शब्दाने नाही म्हटलं नसतं. मी स्वतः रुळांवर खडी टाकलीय. कामाला लाज कसली? पण खोटं बोलणाऱ्या माणसाला मुलगी देणार नाही."

झालं! सोयरीक मोडली. पण उठून जाणार कुठे? मोडलेल्या सोयरिकीची दोन्ही घरं त्याच सतरंजीवर, त्याच तिरक्या ओट्यावर, आणखी सहा तास! तोंड फिरवून बसावं तर घसरायला होतं. आजोबांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते आनंदात होते. दर अर्ध्या तासाने विचारायचे, "तारीख काढली का?" चारच्या सुमाराला सुजाताने वाचलेले वडे वाटले. मामाच्या हातावर तिने सगळ्यात शेवटी वडा ठेवला. त्याने वर बघितलं नाही.

घरी आल्यावर मी रडले. मामा म्हणाला, "वेडी. तू नववीतली पोर, तुझं नाव कशाला पुढे करू? गल्ली तुला जगू देईल? तोंड उघडायचं नाही." आणि डोक्यावर टपली मारून बाहेर निघून गेला. रात्री जेवला नाही.

मला राहवेना. मग मी ठरवलं की, आपल्याला बोलता येत नाही, पण लिहिता तर येतं! गुपचूप अण्णांना चार पानी पत्र लिहिलं. कुठल्या ओळी गाळल्या, कुठल्या घातल्या, सगळं एकेक करून. मामाचा काही दोष नाही, सगळं मी केलं. आयुष्यात एवढं खरं मी कधीच लिहिलं नव्हतं. शुद्धलेखनसुद्धा दोनदा तपासलं.

काल त्यांचं कार्ड आलं. वाचून दाखवते, या वेळी एक शब्द न गाळता.

"चि. मनू हिस आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. अक्षर फार सुरेख आहे. परंतु आपली बाजू सावरण्यासाठी एवढ्याशा मुलीकडून असे पत्र लिहवून घेणे तुझ्या मामांना शोभले नाही. अभ्यास कर."

म्हणजे मामा आधी नुसता खोटारडा होता. आता माझ्या कृपेने भित्राही झाला!

परवा त्याचं विमान आहे. तो आत बॅग भरतोय आणि मी इथे बसून तुम्हाला हे सांगतेय. आता एकच उरलंय. स्वतः खारबावला जायचं, अण्णांच्या दारात उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ केलंय. कुणीही समोर असो, मान वर करून, न अडखळता, मी म्हणणार आहे की,

"मनू! ए मनू! बाहेर ये आधी! खारबावहून सुजाता आलीय, एकटीच. हातात तुझं पत्र आहे, आणि विचारतेय की हे..."

आले गं आई! आले! तर मी काय सांगत होते, पहिलं वाक्य अगदी मोठ्याने म्हणायचं, की अण्णा, म्हणजे आता सुजाताताई, मी, ते...