दादाचं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात बोलण्याआधी हात उठायचा. अण्णा दादाला मारायचे, दादा मला मारायचा, आणि मी त्याला चावायचे. सोनपेठला आमचं दोन खोल्यांचं घर. शेजाऱ्यांना त्या आरडाओरड्याची इतकी सवय झालेली की कुणी दार उघडून बघायचंही नाही. मी तेव्हा लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे, दादा टेम्पो चालवायचा. आमचं पटायचं ते फक्त मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये.

तो गेम मोठ्या पडद्यावर खेळता यावा म्हणून आम्ही अर्धे-अर्धे पैसे घालून कम्प्युटर जुळवायचं ठरवलं. बजेट थोडं होतं, म्हणून काय कशाला जुळतं ते शोधायचं काम मी घेतलं. व्हिडिओ बघत बघत माझ्या ध्यानात आलं की सगळा पैसा एकाच वस्तूत ओतून भागत नाही. प्रोसेसर मध्यम असेल तर ग्राफिक्स कार्डही त्याच तोलाचं हवं, नाहीतर एक धावतं आणि दुसरं धापा टाकतं. प्रोसेसर आणि रॅम त्या मदरबोर्डावर बसणारेच लागतात. आणि सगळ्यांना वीज देणारा एसएमपीएस स्वस्तातला घेतला तर तो एक दिवस बाकीच्यांना घेऊन जळतो.

दादाला हे ऐकायचंच नव्हतं. परभणीत त्याच्या ओळखीचा एक जण जुनं, भलं दांडगं कार्ड विकत होता. मला न विचारता दादानं ते घेऊनही टाकलं. उरलेल्या पैशात बाकीचं सामान घेऊ म्हणाला, आणि आम्ही दुपारच्या एसटीनं परभणीला गेलो.

दुकानदारानं कार्ड उलटसुलट करून बघितलं, मी लिहून नेलेली सामानाची यादी वाचली. याला भारी एसएमपीएस लागेल, तो घेतला तर प्रोसेसरला पैसे उरणार नाहीत, असं सांगून तो म्हणाला की ताईंनी काढलेला हिशेबच बरोबर आहे. दादा माझ्याकडं वळला.

"ह्याला आदीच पढवून ठिवलंय तू."

"न्हाई. पन ते कार्ड परत दे. माझ्या पैशात मला ते नको."

त्यानं माझ्या कानशिलात दिली. मी काउंटरवर आपटले. त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. मी उठायच्या आत त्यानं माझी वेणी धरली आणि डोकं खाली दाबलं. हाताला एका उघड्या कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण लागलं. ते उचलून मी जिवाच्या आकांतानं मागं फिरवलं. कड त्याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, पुढचा दात तुटला, समोरच्या खोक्यांवर रक्त उडालं. तरी त्यानं वेणी सोडली नाही.

रस्त्यावरच्या लोकांना दिसलं ते एवढंच, की एक माणूस पोरीची वेणी धरून उभा आहे. त्यांनी त्याला बाहेर ओढलं. मला कुणी काही विचारलं नाही. चपला, लाथा, एकाच्या हातात हेल्मेट. पहिल्या लाथा बसल्या तेव्हा मला बरं वाटलं. आता कळू दे, असं वाटलं. मग डोक्यावर धरलेले त्याचे हात खाली गळाले आणि पुन्हा वर आले नाहीत. हेल्मेटवाला मारतच होता. दादा अंग चोरत नव्हता, प्रत्येक फटक्यासरशी नुसता हलत होता.

मी त्याच्यावर पडले. भाऊ हाय माझा, सोडा, असं ओरडत राहिले.

"भाऊ हाय तर काय झालं," कुणीतरी म्हणालं, आणि एक लाथ माझ्या बरगडीत बसली.

दुकानदार आणि शेजारच्या हॉटेलवाल्यानं आम्हाला ओढून आत घेतलं आणि शटर पाडलं. कार्ड त्या रेटारेटीत पायाखाली जाऊन मोडलं होतं. दवाखान्यात दादाला टाके पडले. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. परतीच्या एसटीत आम्ही एका सीटवर बसलो, आणि प्रत्येक खड्ड्याला दोघंही कण्हत होतो.

घरी अण्णांनी विचारलं, कुणी मारलं. एरवी आम्ही एकमेकांची नावं सांगायला टपलेले असायचो. दादा म्हणाला, गाडीवरून पडलो. कुणाची गाडी, हे त्याला सांगता येईना. अण्णांनी पट्टा काढला आणि त्या मोडलेल्या माणसाच्या पाठीवर ओढला. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी पट्ट्याचं टोक पकडून मुठीभोवती गुंडाळलं आणि सगळा जोर लावून खेचलं. अण्णा तोल जाऊन गुडघ्यांवर आले. ते माझ्याकडं बघत राहिले. मी पट्टा सोडला नाही. आई हळदीची वाटी घेऊन आली, तिनं अण्णांकडं न बघता दादाचा ओठ पुसला.

उरलेल्या पैशात मी वेगळ्या कार्डाविना चालेल असं मध्यम, पण एकमेकांना जुळणारं सामान आणलं. दादा खाटेवर पडून होता. मी खाली बसून एकेक भाग बसवला.  बटण दाबलं, पंखा फिरला.

"चालायलाय," दादा म्हणाला आणि भिंतीकडं वळून रडला.

पुन्हा त्याचा हात माझ्यावर उठला नाही. पण राग कुठं गेला नव्हता. पुढच्या वर्षी टेम्पो भरायच्या नंबरावरून त्यानं स्टँडवर एकाचं डोकं फोडलं. ती केस अजून चालू आहे. तारखेला मी त्याच्यासोबत जाते. ज्याचं डोकं फोडलं तो माणूस समोरच्या बाकावर बसलेला असतो, आणि दादा त्याच्याकडं बघत नाही.