आमदारांनी घासलेलं ताट

आमच्या समाजवादी शिबिराला येताना प्रत्येकाने आपलं ताट घेऊन यायचं आणि जेवण झालं की स्वतःच घासायचं, हा जुना शिरस्ता. परवा आमदार आले. त्यांचे दोन साखर कारखाने आहेत, शहरात तीन बंगले आहेत आणि प्रत्येक भाषणात ‘आम्ही समाजवादी’ असतंच. जेवल्यावर त्यांनी बाह्या वर सारल्या, माझ्या शेजारी नळावर उकिडवे बसले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेलं ताट राखेने घासायला लागले. सगळे कौतुकाने बघत राहिले. “केवढा साधेपणा!” शिबिराच्या सुमनताई म्हणाल्या.

मी तीस वर्षं याच नळावर ताट घासतोय. माझा साधेपणा सुमनताईंना कधी दिसला नाही. तो दिसायला मागे बंगला असावा लागतो बहुतेक.

हा माणूस कसला समाजवादी, असं मनात म्हणालो. पण उद्या मला बंगला मिळाला, तर मी समाजवाद सोडेन का? मुळीच नाही. मग त्यांनीच का सोडावा? हे पटत होतं, म्हणून जास्तच जळफळाट होत होता.

ते गेल्यावर मी त्यांचं ताट उचलून बोट फिरवलं. कुठेतरी तेलकट राहिलंच असेल. नव्हतं.

“भाऊ, हे तुमचंच ना?” सुमनताईंनी दुसरं ताट पुढे केलं. काठावर माझं नाव कोरलेलं होतं आणि नावाला भाताची शितं चिकटली होती.