माझी पोस्टडॉक आणि वलगावची हमीदा चाची

हमीदा चाची आज सकाळी गेली.

आईचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमध्ये, लॅबला निघालेली. मिळेल ते विमान धरलं असतं तरी दफनाआधी शेवटचं तोंड पाहायला पोचले नसते.

माझ्या प्रोफाइलवर 'पोस्टडॉक, प्लांट इंजिनीअरिंग बायोलॉजी' असं लिहिलंय. तुम्ही सगळ्यांनी भरभरून अभिनंदन केलं होतं. ही पोस्ट मला कोणामुळे मिळाली, ते तेव्हा लिहायचं राहिलं.

आज लिहिते.

वलगावला चाचीची संत्र्याची नर्सरी. माझी आई तिथे रोजानं कामाला जायची. शाळा सुटली की मी पण तिथेच.

जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या रोपावर चाकूने छोटीशी चीर द्यायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून पट्टी बांधायची. याला आमच्याकडे डोळा भरणं म्हणतात. चाचीने भरलेला डोळा वाया गेला, असं मी कधी ऐकलं नाही.

ती स्वतःही तसं सांगायची. नम्र वगैरे अजिबात नव्हती.

"वलगावात माह्यासारखा हात नाही. असंन तर दाखव."

पुढे मी अकोल्याला पीएचडीला लागले. विषय संत्र्याचाच. डिंक्या रोगाने बागा बसतात, म्हणून पेशीतच बदल करून त्याला तोंड देईल असं झाड तयार करायचं.

बदल जमला. पेशींतून हिरवे कोंबही फुटले.

पण त्या कोंबांना मुळं येईनात. मग प्रत्येक कोंब टेस्ट ट्यूबमधल्या इवल्याशा रोपावर जोडायचा. तेच कलम, फक्त भिंगाखाली.

माझं एकही जगेना. दोन दिवसांत कोंब तपकिरी.

वर्षभर हेच. कोंब संपत आले होते. ते संपले असते तर पीएचडी संपली असती.

मी माझ्या गाइड सरांना विचारलं, "वलगावच्या एक चाची आहेत. त्यांना एकदा लॅबमध्ये आणू का?"

सर म्हणाले, "प्रज्ञा, नियमात बसत नाही. बाहेरच्या माणसाला आत घेता येणार नाही."

नियम बरोबरच होता. मग मी बदल न केलेली साधी रोपं डब्यात घातली आणि रविवारी एसटीने वलगाव गाठलं.

चाचीने चष्मा लावला. ट्यूब उजेडात धरली.

"किती दिवसाचं हाय हे?"

"महिन्याचं."

"जून झालं. इतकं जून काहून घेतं?"

"जाड असलं की चिमट्यात धरायला सोपं जातं, चाची."

"तुले सोपं जाते. त्याचं काय?"

वर्षभरात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

मग म्हणाली, "आता कापून दाखव."

मी कापलं. तिने रोपाकडे पाहिलंच नाही. माझ्या हाताकडे पाहत होती.

"तू भेऊन कापून राह्यली. ब्लेड दोनदा फिरवलं. एकदाच फिरव. अन् कापलं का श्वास घेऊ नको. आधी जोड, मंग घे."

मला रडूच आलं.

"रडून का होते? दुसरं घे."

असे सात रविवार गेले. तिची मुलगी शबाना दर वेळी चहा आणायची, तो दर वेळी थंड व्हायचा. सातव्या रविवारी माझा जोड पाहून चाची नुसतं "हाव" म्हणाली आणि आपल्या कामाला निघून गेली.

सोमवारी लॅबमध्ये मी उरलेले नऊ कोंब काढले. नऊचे नऊ, दोन आठवड्यांच्या कोवळ्या रोपांवर जोडले.

सहा जगले.

सरांनी ते सहा एकेक करून भिंगाखाली पाहिले. मग म्हणाले, "मला वलगावला घेऊन चल."

चाचीने त्यांना स्टुलावर बसवलं आणि हातात चाकू दिला. सरांनी एक डोळा भरला.

"सर, उलटा बसवला तुमी."

सर इतके हसले की नर्सरीतल्या बाया कामं सोडून पाहायला आल्या.

थीसिसच्या आभारात मी लिहिलं, 'श्रीमती हमीदा शेख'. शबानाने वाचून दाखवलं तर चाची म्हणाली, "हे कोन? हमीदाबी लिहा लागत होतं."

मग या पोस्टची मुलाखत. ऑनलाइन. समोर चार जण. त्यातल्या एकांनी विचारलं, "इतक्या बारीक कलमाचं ट्रेनिंग कुठे घेतलंत?"

मी म्हणाले, "वलगावला. हमीदाबींकडे."

 चौघांतल्या एक बाई म्हणाल्या, "नावाचं स्पेलिंग सांगाल का?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

पत्र आलं तेव्हा आधी आईला सांगितलं, मग चाचीला.

"म्हंजे काय करशीन तिथं?"

"झाडात हवा तसा बदल करायचा. इंजिनीअर यंत्रात करतो ना, तसा."

"म्हंजे मिस्त्रीकाम."

"हाव, चाची."

"मंग चांगलं कर."

गेल्या वर्षभरात ती खाटेला खिळली. हात थरथरायचा, ते तिला फार लागलं. दुसऱ्याला दिसू नये म्हणून चादरीखाली ठेवायची, असं शबाना सांगायची.

पंधरा दिवसांपूर्वी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"रोप दाखव."

इथल्या ग्रीनहाऊसमध्ये मोठ्या खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या जाड रोपावर चढवलेलं पहिलं रोप मी कॅमेऱ्यासमोर धरलं. आवाज खोल गेला होता, पण नजर तीच.

"पट्टी काढ आता."

"चाची, अजून एक आठवडा ठेवायची आहे. इथे तसं ठरलंय."

"जीव धरला त्यानं. काढ."

फोन चालू ठेवूनच मी पट्टी काढली. जोड पक्का होता.

तिने मान हलवली आणि फोन शबानाकडे दिला.

त्या रोपाला आज सात पानं आहेत.

आई दुपारपासून शबानाजवळ बसून आहे. मी डिसेंबरात येईन.

शेख हमीदाबी, वलगाव. माझी गुरू.

चाची, तुला मनापासून सलाम. नीट जा.