बुखारी आजीचा अर्धा पियाला

सोलापुरात आमच्या दोन खोल्यांच्या घरी पाहुणा आला की आई बिड्या वळायचं सूप पलंगाखाली सारायची आणि मला मागच्या दाराने शेजारी साखर मागायला पाठवायची. दूध पाहुण्यापुरतंच असायचं. यंत्रमागावरून दमून आलेले बाबा त्याच्यासमोर बसून कोरा चहा प्यायचे आणि "मला असाच आवडतो" म्हणायचे. पण पाहुण्याचा कप काठोकाठ भरलेला हवा, जमलं तर थोडा बशीत सांडलेला हवा, हा आईचा कायदा होता. अर्धा कप देणं म्हणजे घराची अब्रू गेली. अशा घरातून मी फिजिओथेरपी शिकले. आमच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही न लाजता सांगते.

त्यामुळे सौदीत, मी नोकरी करते त्या जेद्दामध्ये ज्या बाईने मला अर्धा पियाला देणं हा मान असतो हे शिकवलं, तिला समजून घ्यायला मला वेळच लागला. तिला आम्ही सगळे बुखारी आजी म्हणायचो. जेद्दा, मक्का, ताइफ या भागात ज्यांचे वाडवडील बुखारा, समरकंद, ताश्कंद अशा लांबच्या मुलखातून येऊन राहिले, त्या सगळ्यांना इथे सरसकट बुखारी म्हणतात. गाजर-मनुका घातलेला जो बुखारी भात आपली मंडळी शुक्रवारी पार्सल आणतात, तो त्यांचाच. आजीचा जन्म इथलाच. नवऱ्याच्या भाताच्या दुकानात तीस वर्षं हिंदुस्थानी कामगार होते, त्यांच्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदी येई. त्यातलं अर्धं रागावण्याचं होतं.

पक्षाघाताने उजवा हात गेला म्हणून तिची नात मरयम तिला व्हीलचेअरवरून हॉस्पिटलातल्या आमच्या फिजिओथेरपी विभागात घेऊन आली. पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो : तुम्हाला परत काय करता यायला हवं आहे? कोणी नमाज म्हणतं, कोणी जिना म्हणतं. आजी म्हणाली, "चाय." मी फाइलमध्ये लिहिलं, स्वतःच्या हाताने चहा पिणे. आठवडाभर तिच्याकडून कप तोंडापर्यंत नेण्याचा सराव करून घेतला. आठव्या दिवशी तिने कप बाजूला सारला. "बिंती, पीने को तो मैं बाएँ हाथ से भी पीती हूँ. मेहमान को कौन देगा? तू?"

बिंती म्हणजे माझी मुलगी. रागावली की ती मला बिंती म्हणायची, खूश असली की डॉक्टर. मी डॉक्टर नाही असं मी सांगितलं, तर म्हणाली, "मैं खुश हूँ तो तू डॉक्टर. खलास."

खरी गोष्ट मग मरयमने सांगितली. मरयम बँकेत काम करते आणि शनिवारी घरी लोकांचे गट बोलावते. आजोबांच्या मुलखातलं भरतकाम, कापड, टोप्या दाखवते, जेवू घालते. हे सगळं चालायचं ते आजीच्या चहावर. त्यांच्याकडे चहा ओतण्याचा मान घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा. किटलीतला चहा पियाल्यात ओतून तीनदा परत किटलीत घालायचा, मग डावा हात छातीवर ठेवून उजव्या हाताने द्यायचा. आणि द्यायचा अर्धाच. अर्धा म्हणजे बसा, गप्पा मारा, मी तुम्हाला पुन्हा पुन्हा वाढणार आहे. काठोकाठ म्हणजे प्या आणि निघा. आजारी पडल्यावर आजीने एकदा प्रयत्न केला होता. हात आवरेना, किटली कलंडली, समोर बसलेल्या विहीणबाईंचा पियाला काठोकाठ भरला. आजीने त्या दिवसापासून घरी पाहुणा येऊ दिला नाही. मरयमचे शनिवार बंद झाले. "मी ओतते म्हटलं तर ऐकत नाही," मरयम म्हणाली. "म्हणते, मी मेल्यावर ओत."

मी फाइलमधलं वाक्य खोडलं आणि नवीन लिहिलं, पाहुण्यांना स्वतःच्या हाताने चहा ओतून देणे. लाकडी खुंट्या आणि मऊ चेंडू तिने आधीच नाकारले होते. "ये बच्चों का काम है" म्हणून एक खुंटी तिने सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. मी घरून स्टीलची छोटी किटली आणली, त्यात पाणी भरलं. ती किटलीकडे बघून म्हणाली, "ये हम्माम का लोटा है?" दुसऱ्या दिवशी मरयमच्या पिशवीतून तिची स्वतःची चिनी मातीची किटली आली. निळी, आणि तिच्यावर पांढरी नक्षी. ती नक्षी कसली ते इथे कोणी ओळखत नाही म्हणाली. मी म्हटलं, कापसाचं बोंड. आमच्या गावाला कापसाशिवाय दुसरं काय माहीत आहे? त्या दिवशी मी दिवसभर डॉक्टर होते.

भरलेली किटली तिला पेलणार नाही हे उघड होतं. मी सुचवलं, किटली अर्धीच भरू. तिला ते दळिद्री वाटलं. मग भांडणातून तोडगा निघाला : लहान लहान चार किटल्या, एक संपली की मरयमने दुसरी पुढे सरकवायची. हात लावायचा तो फक्त आजीने. ती पाणी ओतायची, पियाला भरून वाहायचा, ती किटली आपटायची. "फिर भगा दिया मेहमान को," असं म्हणून पुन्हा ओतायची. माझे वरिष्ठ एकदा डोकावले आणि इथे चहाची टपरी उघडली आहे का म्हणाले. मी म्हटलं, हो सर, गिऱ्हाईक यायला सहा आठवडे आहेत.

हे गिऱ्हाईक म्हणजे आमचं महाराष्ट्र मंडळ. मंडळाच्या सहली कुलकर्णीवहिनी ठरवतात. मी बुखारी घराबद्दल बोलले आणि त्यांनी तिथल्या तिथे वीस नावं लिहिली. मी घाबरून आजीला सांगितलं की तारीख पुढे ढकलू. ती म्हणाली, "बुलाओ. छह हफ्ता बोला ना तूने?" सहा आठवड्यांनी तिचा हात कधी ऐकत होता, कधी नाही. दहा पियाल्यांतले तीन काठोकाठ जायचे. आदल्या दिवशी मी पुन्हा विचारलं. तिने किटली पुढे ओढली आणि ओतायला घेतलं.

शनिवारी सकाळी आम्ही एकवीस जण बसने गेलो. मरयमने भिंतीवरचे भरतकामाचे पडदे दाखवले, मग रंगांच्या कडा फिसकटल्यासारखं दिसणारं रेशमी कापड उलगडलं. विणण्याआधी सूत कसं बांधून रंगवतात ते ती सांगू लागली. आमची आयटीतली आणि बँकेतली मंडळी नुसती माना हलवत होती. मग मीच पुढे झाले. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, ताण्याला आधी रंग दिला की कडा अशा का पसरतात, सगळं मराठीत सांगितलं. मागावर काम करणाऱ्या माणसाची मुलगी आहे मी, एवढं मला येतं. जेवणात मांसाचे आणि शाकाहारींसाठी भोपळ्याचे वाफवलेले मांतू होते. त्यांच्या चुण्या बघून वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, हे तर मोदकच! आतलं सारण तेवढं चुकलंय."

मग आजीला आणून दस्तरखानाच्या, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडाच्या, वरच्या टोकाला बसवलं. अंगात हिरवा रेशमी झगा होता. मी मुद्दाम शेवटी बसले. तिने पहिला पियाला तीनदा परत ओतला, चौथ्यांदा ओतला, छातीवर हात ठेवून कुलकर्णीवहिनींना दिला. अर्धा. बरोबर अर्धा.

वहिनींनी आत डोकावलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "अगं, हे काय? दोन घोट? एवढ्या लांबून आलो आपण!" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी हसतमुखाने पियाला परत पुढे केला. "मामा, फुल! फुल!" इथे वयस्कर बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई.

आजीची किटली हवेतच थांबली. तिने वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. "अभी आई, अभी जाती? मेरा मांतू इतना बुरा है?" मी सगळ्यांना रीत समजावली, तेव्हा वहिनी कानाला हात लावून म्हणाल्या, "नाही हो आजी, आम्ही रात्रीपर्यंत हलत नाही." पियाला त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला.

त्यानंतर कोणी घाई केली नाही. चौदाव्या पियाल्यापाशी तिचं मनगट थरथरलं, दस्तरखानावर चहा सांडला. मी उठले. "बैठ, बिंती." मी बसले. तिने हात मांडीवर ठेवून थोडा वेळ घेतला, तिसरी किटली मागितली आणि पुढे चालू केलं. एकविसावी मी होते. माझ्या पियाल्यातला चहा अर्ध्यापेक्षा बोटभर कमीच होता. सोमवारी मी तिच्या फाइलवर 'उद्दिष्ट साध्य' असं लिहून सही केली.

हिवाळ्यात दुसऱ्या झटक्याने ती गेली. मी भेटायला गेले तेव्हा मरयमने मला बसवलं आणि पहिल्यांदाच स्वतः चहा ओतला. मधल्या पाच महिन्यांत त्या घरी सात गट येऊन गेले होते. प्रत्येकाला चहा आजीने दिला होता, उजव्या हाताने.