पोपटीला जाताना लाकडं नेऊ नका

नलूमावशीच्या फोनला नाही म्हणता येत नाही, कारण ती विचारतच नाही. "शुक्रवारी या. वाल भरलेत," एवढं बोलून तिने फोन ठेवलासुद्धा. ही माझ्या आईची मावसबहीण. रोह्याच्या अलीकडे, महामार्गावरच्या खांब गावाहून आत वळलं की तिचं गाव. वाल भरले म्हणजे शेंगेत दाणा धरला, आणि दाणा धरला म्हणजे पोपटी. ज्यांनी अजून खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते: मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा आणि भांबुर्डा नावाच्या उग्र वासाच्या रानझुडपाचा पाला ठासून भरायचा, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा नाही. थंडीत रायगडात जाऊन जो हे न खाता परत येतो, त्याच्याबद्दल मला बोलायचंच नाही.

नवऱ्याने, महेशने, रजा टाकली आणि सकाळी सहाला आम्ही डोंबिवली सोडली. पेणपर्यंत रस्ता छान. पेणमध्ये पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली (येताना घेऊ म्हणाल तर विसराल). रामवाडीला एका टपरीवर मिसळ खाल्ली, तिखट बेताची, पाव मात्र ताजे. पुढे नागोठण्यापर्यंत कुठे काँक्रीट, कुठे वळसा, तेव्हा मोबाईल सांगेल त्यावर पाऊण तास जास्तीचा धरा.

तर त्या टपरीमागे आंब्याचे ओंडके रचलेले दिसले आणि मला अक्कल सुचली. मावशीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? पोपटीला जाळ तर लागणारच.

"न्या ताई, न्या," टपरीवाला खुशीत म्हणाला. "आंबा आतून पोकळ झाला व्हता, म्हणून तोडला. माझी जागा अडलीय."

महेशने कपाळाला हात लावून डिकी भरली. त्यातला एक बुटका ओंडका मी बाजूला काढला. त्याच्या अंगभर वळणावळणाच्या खाचा आणि गोल भोकं होती, सुताराने हौसेने कोरावीत तशी. गॅलरीत कुंडी ठेवायला इतकं सुंदर स्टूल विकत मिळालं नसतं. तो मी चादरीत गुंडाळून मागच्या सीटखाली सरकवला.

मावशी अंगणातच उभी होती. सत्तरीची, काटक, आवाज पाच घरं ओलांडणारा. कौतुक होईल म्हणून मी झोकात डिकी उघडली.

"ही कुठनं आणलीस गो?"

"रामवाडीहून. पोपटीला!"

तिने एक ओंडका उचलून दगडावर आपटला. भुरभुर भुसा पडला. मग पडवीतून सायकलचा एक आरा आणला, टोकाला आकडा वळवलेला. तो भोकात घालून फिरवला आणि अंगठ्याएवढी पांढरी, गुबगुबीत आळी बाहेर ओढली. महेश दोन पावलं मागे सरला.

"भिरूड हाय यात. आता आळी हाय, पाऊस तोंडावर आला की भुंगा व्हऊन उडंल. आणि उडून जाईल कुठं? त्या झाडावर!"

तिने बोट दाखवलं ते झाड कुंपणालगत होतं. पायरी आंबा, ऐन मोहरात. एक फांदी बुंध्यापासून कापलेली, आणि खोडावर जागोजागी चिखलाचे लिंपलेले गोळे.

ते झाड मिरियमने लावलेलं. मिरियम मावशीची शेजारीण आणि जिवाची मैत्रीण. गावातलं ते शेवटचं ज्यू कुटुंब. मुलांच्या मागे इस्राएलला गेली तेव्हा घर विकलं, पण पायरी नलूच्या हवाली केली. तीन वर्षांपूर्वी त्याची फांदी अचानक वाळली, खोडातून भुसा गळायला लागला. सगळे म्हणाले, तोडा. मावशी रोज सकाळी आरा घेऊन बसायला लागली: ताजा भुसा दिसला की भोक शोधायचं, आळी ओढायची, औषधाचा बोळा कोंबायचा, वरून चिखल. यंदा पहिल्यांदाच झाड पुन्हा असं मोहरलं होतं. आणि मे महिन्यात मिरियम येणार होती. गुडघे गेलेत, ही खेप बहुतेक शेवटची.

आणि मी, अतिशहाणी, चाळीसेक किलोमीटर गाडी चालवून शत्रूच दारात आणून उतरवला होता.

"आजच्या आज सगळं जळलं पाह्यजे," मावशी म्हणाली. "एक ढलपी राहता कामा नये."

मी मान हलवली. सीटखालच्या ओंडक्याबद्दल बोलले नाही. आधीच एवढी बोलणी खाल्ली होती, आणि तो तर डोंबिवलीला जाणार होता, असं मी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर मला तो हवा होता.

दुपारी शेतात एवढा जाळ झाला की शेजारचे लोक बघायला आले. मडक्यावर पाणी शिंपडल्याबरोबर चर्र झालं, म्हणजे पोपटी तयार. त्या शेंगांची चव मी लिहून सांगणार नाही. बटाट्याला भांबुर्ड्याचा जो वास लागतो त्यासाठी मी पुन्हा नागोठण्याचा रस्ता सोसेन. महेशने पाच अंडी खाल्ली आणि वर म्हणाला, "आळ्या वाया गेल्या नाहीत."

पाचच्या सुमाराला मिरियमचा व्हिडिओ कॉल आला. दर शुक्रवारी येतो, शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावायच्या आधी.

"नलू, झाड दाखव गो."

मावशीने फोन खोडासमोर धरला.

"हे तुझं नाक हाय. फोन फिरव!"

फोन फिरला. मिरियम चष्मा लावून पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मोहर किती आलाय! टिकंल ना गो?"

"मी हाय ना," मावशी म्हणाली.

अंगणात, झाडापासून वीस पावलांवर, आमची गाडी उभी होती.

शनिवारी निघालो. गाव मागे पडल्यावर मी महेशला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही, नुसता म्हणाला, "कुठेतरी टाकून देऊ." ठरलं. नागोठण्याजवळ गाडी थांबवली, तर समोर आंब्याच्या कलमांची बाग. वडखळच्या पुढे थांबवली, तिथे घरामागे मोठा रायवळ आंबा. जिते गावाजवळ एका ओसाड जागी मी ओंडका हातात घेऊन उतरलेसुद्धा, तेवढ्यात भिंतीपलीकडून एक आजी म्हणाली, "कोण पाह्यजे?" तिच्या डोक्यावर मोहरलेली फांदी होती. आयुष्यात कितीदा या रस्त्याने गेले असेन, पण इथे इतके आंबे आहेत हे मी पहिल्यांदा पाहिलं. प्रत्येकाखाली कुणीतरी होतं. मी ओंडका घेऊन परत गाडीत बसले.

रविवारी दुपारी तो आमच्या गॅलरीत होता, कागदावर. सगळीकडे सामसूम झाली तेव्हा ऐकू आलं: कुरकुर, कुरकुर. कागदावर चिमूटभर ताजा भुसा. खाली पाहिलं तर सोसायटीचा आंबा, माझ्या गॅलरीपर्यंत पोचलेला.

मी उठले. वॉचमनकाकांकडून मोठं घमेलं मागून आणलं. महेशने ओंडक्याचे तुकडे केले आणि मागच्या मोकळ्या जागेत आम्ही तो पूर्ण जाळला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रताळी घेऊन आल्या, तेव्हा तिथेही छोटीशी मेजवानी झालीच.

मग मावशीला फोन लावला आणि एका दमात सगळं कबूल केलं.

"पुरता जळला?"

"पुरता. मी शेवटपर्यंत बसले होते."

"राख टाकलीस का?"

"नाही अजून."

"टाकू नको. डब्यात भरून ठेव. मिरियम आली की तुम्ही पण या, तू नि ती, दोघी मिळून झाडाच्या बुंध्याशी घाला." आणि फोन ठेवता ठेवता, "राखच आण हां गो. दुसरं काय पण आणू नको."

डबा गॅलरीत आहे, स्टूल ठेवायचं ठरलं होतं तिथेच.