युद्धाच्या सभेला किती लोक आले?

‘प्रचार अत्यंत प्रभावी ठरला, हे कशावरून?’ बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंधाच्या शेवटच्या पानावर एवढंच लिहून पाठवलं होतं. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, पंधरा दिवसांवर. प्रबंध नसरीनचा, गाईड मी. आणि ते वाक्य मीच तिला घालायला सांगितलं होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरची ती वर्षं. लातूरसारखे आमच्या नांदेडातही गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघत होते. नसरीन हिमायतनगरच्या शिंप्याची मुलगी. सकाळ-संध्याकाळ एका क्लासमध्ये शिकवायची आणि दुपारी माझ्याकडे एम.फिल. करायची. एका ज्युनिअर कॉलेजात इतिहासाची जागा तिला मिळत होती, पण त्यासाठी जूनच्या आत डिग्री हातात हवी होती. नाहीतर पुन्हा क्लासच्या मालकाची बोलणी खाणं आलंच.

विषय होता दुसऱ्या महायुद्धात निजाम सरकारने आमच्या भागात केलेला प्रचार. फौजेत भरती व्हा, अफवांवर विश्वास ठेवू नका, वगैरे. आमचा सगळा आधार म्हणजे सरकारचा इंग्रजी अहवाल. त्यात किती सभा घेतल्या, किती पत्रकं वाटली, याचा नुसता पाढा. इतिहासात साधा नियम आहे. सरकारने काय केलं हा एक पुरावा. त्यामुळे लोक काही वेगळं वागले का, हा दुसरा. मी पहिल्यावरच दुसऱ्याचं काम भागवलं होतं. वर्गात मात्र हाच नियम घसा फोडून शिकवायचो.

“गावपातळीचे कागद उर्दूत असणार,” मी म्हणालो. मला उर्दू वाचता येत नाही, तिला येते. जुन्या सभांच्या अहवालांच्या झेरॉक्स तिने मिळवल्या आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले.

“सर, तारीख एकच. सही करणारा अधिकारी एकच. गावं दोन, मधात गोदावरी.”

“जाऊन आला असेल.”

“श्रावणात? पुरात? आन् बाकीच्या कागदांत बी शब्दाला शब्द तेच हाय. ‘सभेला सारा गाव लोटला.’ फक्त गावाचं नाव बदलून राहिले.”

मला राग आला होता स्वतःचा, पण निघाला तिच्यावर. “सरकारी कामात अधिकारी उगीच खोटं कशाला लिहील?”

ती मग हळूच म्हणाली, “सर, भूकंपाच्या शिबिराचा अहवाल तुम्ही कसा लिहिला होता?”

लातूरकडच्या एका गावात मी विद्यार्थ्यांचं शिबिर नेलं होतं. नसरीन त्यात होती. पुन्हा भूकंप होणार अशा अफवा उठल्या होत्या. आम्ही सभा घेतली, घाबरू नका, शाबूत घरांत राहायला जा, असं सांगितलं. लोकांनी मुकाट्याने ऐकलं आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये परत गेले. एकानेही घराचं कुलूप काढलं नाही. मी अहवालात लिहिलं, ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’ कॉलेजची वाहवा झाली. नसरीनने विचारलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

तरी मी पळवाट काढलीच. “वाक्यात ‘काही प्रमाणात’ घालू. डिग्री तर पदरात पाडून घे.”

“न्हाई सर. कळल्यावर कसं लिहू?”

तिने क्लासला सुट्टी टाकली आणि त्या काळी फौजेत गेलेली म्हातारी माणसं शोधायला लागली. मीही सोबत फिरलो. हिमायतनगरला तिच्या मोहल्ल्यातले रहीमचाचा भेटले.

“चाचा, पोस्टर बघून गेले का फौजेत?”

“वाचाया कुणाला येत होतं बेटा? घरी खाणारे नऊ. फौजेत दोन टाइम रोटी भेटत होती, म्हून गेलो.”

मी वहीत लगेच ‘प्रचार फोल’ असं लिहून टाकलं. चाचा पुढे म्हणाले, “हां, बाजारात सरकारची सिनेमाची गाडी यायची. लढाई बघून आमचा शेजारी लई पेटला. दुसऱ्याच दिवशी भरती झाला.”

नसरीनने माझ्या वहीकडे बोट केलं. “सर, आता ह्या शेजाऱ्याचं काय करायचं?” मी ते दोन शब्द खोडले.

व्हायव्हाला परीक्षक, आमचे प्राचार्य आणि मी. नसरीन ठामपणे बोलली. “सभांचे अहवाल भरवशाचे नाहीत. सिनेमाने काहींना ओढलं. मला भेटलेले बहुतेक पोटासाठी गेले. प्रचार प्रभावी ठरला म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि अगदीच वाया गेला म्हणण्याइतकाही नाही.”

“पण अधिकारी असं खोटं का लिहितील?” परीक्षकांनी विचारलं.

उत्तर तिला ठाऊक होतं, पण प्राचार्यांसमोर ती माझं नाव घेणार नव्हती. डिग्री तिथेच अडकत होती.

“वरच्यांना तेच वाचायचं असतं म्हणून. मीही तसंच लिहिलंय,” मी म्हणालो आणि शिबिराची हकीकत सांगितली. प्राचार्य पंख्याकडे बघत बसले. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

नसरीन जूनमध्ये रुजू झाली. त्याच महिन्यात प्राचार्यांनी शिबिरांचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आदेशात कारण होतं, ‘प्राध्यापकांच्या स्वतःच्या विनंतीवरून’. मी अशी विनंती कधीच केली नव्हती. तो कागद कॉलेजच्या फाइलीत आहे. उद्या एखादा संशोधक तो पुरावा म्हणून उचलेल. त्याने एवढंच तपासावं, की तो कुणाच्या टेबलासाठी लिहिला होता.