देवळीतलं रिवॉल्व्हर आणि माझी चिंच

माझ्या सासरी एक रिवॉल्व्हर होतं आणि खंडेनवमीला त्याला होळगीचा नैवेद्य असायचा. होळगी म्हणजे आपली पुरणपोळीच. पण हळ्ळीखेडात तिला पुरणपोळी म्हटलं की माणसं हसायची, 'बार्शीची पाहुणी बोलायलीय' म्हणायची. ती पाहुणी म्हणजे मी. लग्नाला दोन वर्षं झाली होती तरी.

बार्शीहून मोगलाईत मुलगी देणं तेव्हा परदेशी देण्यासारखंच होतं. निझामाचं राज्य जाऊन चारपाच वर्षं झाली होती, पण त्याचा रुपया अजून बाजारात फिरत होता. कुणी किंमत सांगितली की आधी विचारायचं, "हाली का कलदार?" हाली म्हणजे हैदराबादचा रुपया, कलदार म्हणजे हिंदुस्थान सरकारचा, जरा जास्त किमतीचा. माझी शाळा तिसरीतच सुटलेली, त्यामुळे मी दोन्हींत सारखीच चुकायचे.

मला एकच धास्ती असायची, की ही माणसं मला परत पाठवतील. तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं. उलट सगळे इतके चांगले वागायचे की त्यानंच धास्ती वाढायची. एवढ्या चांगल्या माणसांना आपला काहीतरी उपयोग व्हावा म्हणून मी दिवसभर हाताला येईल ते घासत असायचे. तांब्या, समई, उंबऱ्यावरची पितळी फुलं. एकदा तर सासऱ्यांच्या जोड्याचा नालही घासला होता.

घरात आम्ही चौघं. सासरे अप्पा, सासूबाई अव्वा, सोळा वर्षांची नणंद महादेवी, आणि मी. आमचे हे गुलबर्ग्याला तुरीच्या आडतीवर असायचे, त्यामुळे या गोष्टीत त्यांचा काही दोष नाही. (घरातल्या कुठल्याच गोष्टीत आपला दोष नसावा, म्हणूनच तो गुलबर्ग्याला राहतो, असं अव्वा म्हणायच्या.)

महादेवी सातवी पास झाली होती. संध्याकाळी मी भाकऱ्या थापायला बसले की ती काटवटीतल्या पिठात बोटानं अक्षरं काढायची आणि मला वाचायला लावायची. वाचून झालं की त्याच पिठाची भाकरी व्हायची. तिसरीनंतरचं माझं सगळं शिक्षण असं आम्ही खाऊन टाकलेलं आहे. पण आज मी हे लिहू शकते ते त्या पिठामुळंच.

आता रिवॉल्व्हर. ते देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, लाल फडक्यात असायचं. त्याचं खरं रूप घरात कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण पन्नासेक दसऱ्यांचं तेल, हळद, कुंकू आणि विभूती त्याच्यावर चढली होती. दुरून ते शेंदूर लावलेल्या मारुतीसारखं दिसायचं, जवळून जास्तच. पण त्याची ओळख मात्र अप्पांना तोंडपाठ होती.

"माझ्या आज्जानं जहागीरदाराचा घोडा पुरातनं काढला, तवा बक्षीस मिळालेलं हाय. लंडनचं. राणीच्या कारखान्यातलं."

"राणी काय गोळ्या भरायला बसली होती का तिथं?" अव्वा विचारायच्या.

पोलीस ॲक्शननंतर हत्यारं जमा करायची दवंडी पिटली तेव्हा अप्पा ते घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या जमादारानं घोडा ओढून बघितला, दोन्ही अंगठ्यांनी ओढून बघितला, शेवटी हात लाल करून घेऊन कागद लिहून दिला: 'वस्तू पूजेची आहे, बंद आहे, घरी ठेवावी.' अप्पांना ते अपमानासारखं लागलं होतं.

आणि मग महादेवीनं हट्ट धरला. तिला गुलबर्ग्याला राहून मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. वर्षाचा खर्च तीनशे, कलदार. तिकडं बिदरकडच्या कल्याणहून तिला मागणीही आली होती. अप्पा चार दिवस अंगणात फेऱ्या मारत राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "लंडनचं विकू. आलं तीनशे तर पोरगी शिकंल. न्हाई आलं तर फाल्गुनात अक्षता."

 त्या संध्याकाळी महादेवीनं पिठात काढलेलं 'ल' मात्र चुकीचं होतं.

गुलबर्ग्यात एक म्हातारे खानसाहेब होते. जुनी हत्यारं जमवायचा त्यांना नाद, परवाना त्यांच्याकडं रीतसर. आमच्या यांनी त्यांना सांगितलं आणि गुरुवारी दुपारी येतो असा निरोप आला. गुरुवारी सकाळी अप्पा गाडी जुंपून त्यांना आणायला हुमनाबादच्या मोटारस्टँडवर गेले. अव्वा आणि महादेवी शेजारच्या आळीत बारशाला गेल्या. घरात मी आणि ते रिवॉल्व्हर.

मी विचार केला तो असा: मुलगी दाखवायची असली तर आधी तोंड धुतात की नाही?

मूठभर चिंच भिजत घातली. चुलीतली राख घेतली. काथ्या घेतला. पहिल्या पाण्यात लाल सुटलं, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात काय सुटलं ते मला अजून कळलेलं नाही. तासाभरानं खाली लोखंड लागलं. नळीवर बारीक सोनेरी अक्षरं होती, इंग्रजी. त्यांच्या अवतीभवती कुंकू फार अडकलं होतं म्हणून तिथं जरा जास्त घासलं. कुंकू निघालं. पाठोपाठ अक्षरंही निघाली. मला वाटलं, वरवरचा मळ होता.

मूठ मात्र काही केल्या उजळेना. काळीकुट्ट, आणि त्या काळ्यात चांदीसारख्या पांढऱ्या वेली आणि फुलं. आमच्या बार्शीत काळं म्हणजे करपलेलं. मला वाटलं, पांढरं आहे ते निघालेलं आहे आणि काळं आहे ते निघायचं राहिलंय. मग विटेची भुकटी आणली. दंड दुखेपर्यंत घासलं. हळूहळू सगळी मूठ एकसारखी करडी झाली, नव्या जस्ती बादलीसारखी. वेली कुठं होत्या ते बोटानं चाचपून कळायचं. आणि घोडा, जो जमादाराच्या दोन अंगठ्यांना हलला नाही, तो माझ्या एका बोटानं मागं गेला. कट्. मी घाबरून ते ताटलीत ठेवलं आणि अंगणात, धुतलेल्या तांब्यांच्या रांगेत, उन्हात वाळत घातलं.

अव्वा आणि महादेवी आल्या. अव्वांनी आधी तांबे बघितले.

"हे काय वाळायलंय गं?"

"लंडनचं," मी म्हटलं. मी कौतुकाची वाट बघत होते, हे कबूल करते.

महादेवीनं ते उचललं, मूठ उलटसुलट केली आणि पायरीवर खाली बसली.

"वैनी, हे बिदरी होतं."

"म्हणजे?"

"बिदरला किल्ल्यातली माती लावून काळं करत्यात, त्यात चांदी बसवत्यात. काळं हाय म्हणूनच चांदी दिसतीय. काळंच तर काम असतंय त्यातलं."

मी अव्वांकडं बघितलं. आता परत पाठवणार. माझी पेटी माळ्यावर होती, ती कोण काढून देईल याचा विचारही मनात येऊन गेला.

"रडू नगंस," अव्वा म्हणाल्या. "पन्नास वर्सं आमी त्याला आंघोळ घातली न्हाई, तू एका दिवसात कातडी काढलीस. हिसाब बरोबर झाला. आता काळं कर."

"कशानं?"

"काळं करायला काय लागतंय? काजळ न्हाई का घरात?"

म्हणून मी तव्याखालची काजळी खरवडली, एरंडेलात कालवली आणि मुठीला लावली. महादेवीनं काडीच्या टोकानं वेली पुसून पांढऱ्या केल्या. अव्वांनी फुंकर घातली. दुरून छान दिसत होतं. वाळायला दोन दिवस लागले असते, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

खानसाहेब पांढरी शेरवानी, पांढरी टोपी आणि पांढरी दाढी घेऊन गाडीतून उतरले. मला एवढं पांढरं बघूनच घाम फुटला. तोवर आम्ही ते लाल फडक्यात गुंडाळून देवळीत ठेवलं होतं; आता दाराआड उभ्या राहिलो. अप्पांनी फडकं उलगडलं आणि तिथंच थांबले. त्यांनी आयुष्यभर ज्याची पूजा केली ते त्यांना ओळखूच आलं नव्हतं.

खानसाहेबांनी ते हातात घेतलं. भिंग लावून नळी बघितली, बराच वेळ. मग मूठ कुरवाळली आणि विचार करत दाढीवरनं हात फिरवला. दाढीला डावीकडं एक काळी पट्टी आली. चष्मा सारखा केला, नाकाला काळं. टोपी मागं सारली, टोपीला पाच बोटं. अप्पा बघत होते. बोलावं कसं, पाहुणे होते.

"दस्ता बिदरी है," खानसाहेब मुठीवर बोट ठेवून म्हणाले, "बहोत नफीस. मगर अप्पाजी, ये रंग तो हाथ को लग रा."

दाराआडून अव्वांनी मला कोपरानं ढोसलं. मी बाहेर गेले. सासऱ्यांसमोर परक्या पुरुषाशी बोलायची ती माझी पहिलीच वेळ. चिंच, राख, विटकर, काजळ, एरंडेल, सगळं क्रमानं सांगितलं, आणि वर म्हटलं, "चूक माझी हाय. महादेवीला फाल्गुनात उजवू नका."

त्यात खानसाहेबांचा काय संबंध होता ते मला माहीत नाही. पण तेच आधी हसले. हसताना दाढीवरची पट्टी हलली आणि अव्वांचंही हसू दाराआडून बाहेर आलं.

"इस्क्रू भी घासे क्या बेटी?"

"व्हय."

"अच्छा करे." त्यांनी खिशातनं बारीक पेचकस काढला. कुंकवानं पन्नास वर्षं गच्च बसलेले स्क्रू लोण्यासारखे फिरले. मूठ सुटून आली. आतल्या लोखंडावर, जिथं माझा काथ्या पोचला नव्हता, अंड्याच्या आकाराचा एक छाप होता आणि त्यात बारीक अक्षरं. खानसाहेबांनी भिंग लावलं आणि मान हलवली.

"अप्पाजी, ये लंडन का नहीं. बेल्जियम का है. वहाँ ऐसे हजारों बनते थे. लंडन का नाम किसी दुकानदारने ऊपर से सोने के पानी में लिखाया होंगा."

अप्पांनी वाकून तो छाप बघितला. मग हळूच म्हणाले, "बेल्जियम लंडनच्या किती अलीकडं येतंय?"

"समंदर के इस तरफ."

"म्हंजे तसं जवळच." अप्पांनी जरा धीर धरला. "आन काल आला असता तर किती म्हटला असता?"

"कल? कल वो नाम पढके हजार बोलता. फिर घर जाके दस्ता खोलता, और उमरभर तुमको चोर बोलता." त्यांनी मूठ रुमालात गुंडाळली. "लोहा नक्को मुजे. ये दस्ता लेता. बिदर में मेरा कारीगर है, किले की मिट्टी से फिर काला कर देगा. तीनशे."

आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. अप्पांनी मात्र रिवाज सोडला नाही.

"हाली का कलदार?"

खानसाहेबांनी आपला काळा हात बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी अजून त्यांच्यासमोर हात जोडून उभी होते आणि माझेही दोन्ही हात कोपरापर्यंत तेवढेच काळे होते.

"कलदार," ते म्हणाले. "और थोडा साबण."

महादेवी गुलबर्ग्याला गेली. बिनमुठीचं लोखंड देवळीत परत गेलं. जमादाराच्या कागदात ते बंद होतं आणि आता घोडा हलत होता, म्हणून अव्वांनी त्याच संध्याकाळी तेल-कुंकवाचा जाड थर देऊन त्याला पुन्हा कायद्यात बसवलं. मुठीच्या जागी अप्पांनी बाभळीचा तुकडा ठोकला. कुणी ओळख विचारली की ते अभिमानानं सांगायचे, "लंडनचंच होतं. आमच्या सुनंनं घासून बेल्जियमचं केलं."

मला परत पाठवायचा विषय काही निघाला नाही. चिंच मात्र पुढची चार वर्षं अव्वांच्या कुलपात होती.

महादेवी पुढं मोठ्या शाळेत मास्तरीण झाली, आता निवृत्त आहे. हे सगळं लिहून झाल्यावर मी तिच्याकडं तपासायला पाठवलं, कारण माझ्या काना-मात्रांवर माझा अजून विश्वास नाही. सोबत लिहिलं, 'चुका दिसतील, सांग, म्हणजे परत बसून सगळं स्वच्छ करते.' आठवड्यानं कागद जसेच्या तसे परत आले. वर लाल शाईनं एकच ओळ होती:

'वैनी, चांगलं झालंय. आता ह्याला हात लावू नका.'